सीमाभागातल्या शाळा: धर्म आणि भाषेच्या विविधतेसाठी शिक्षकांना कसे तयार करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकाच्या बेळगाव भागातल्या चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात, एका क्लस्टरमध्ये (जवळच्या शाळांच्या गटात) मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, शिवाय दोन अनुदानित हायस्कुले आहेत. सीआरपींच्या (क्लस्टर रिसोर्स पर्सन, म्हणजे क्लस्टरमधल्या शिक्षकांचे मार्गदर्शक) हाती पंचवीसेक शिक्षक आणि प्रशिक्षणाचे दोन दिवस आहेत. वर्गातल्या धार्मिक आणि सांस्कृतिक विविधतेसाठी शिक्षकांची तयारी करून घ्यायची तर या दोन दिवसांत नेमके काय घ्यावे?

पहिली सूचना वेळेची. दोन दिवस सलग घेऊ नका. एक पूर्ण दिवस जूनमध्ये, शाळा रुळल्यावर घ्या. उरलेल्या दिवसाचे दोन अर्धे करा. पहिला अर्धा साधारण सहा आठवड्यांनी, दुसरा दसऱ्याच्या सुट्टीनंतर पण एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आधी. सलग दोन दिवस घेतले की दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सहीसाठी थांबलेले असतात, आणि जे शिकले ते वर्गात करून पाहून परत येण्याची संधीच राहत नाही. मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी बोलवाच. जेवणाची रांग, परिपाठ, सुट्टीचे अर्ज, गणवेश हे सगळे त्यांच्या हातात असते. नुसते सहशिक्षक येऊन गेले तर शाळा आहे तशीच चालू राहते.

दुसरी सूचना काय वगळावे याची. सर्वधर्मसमभावावरचे व्याख्यान वगळा. सगळे धर्म चांगलेच शिकवतात हे खोलीतल्या कुणालाही अमान्य नसते, त्यामुळे ते ऐकून कुणी काही बदलतही नाही. शिक्षक अडतो तो अंड्याच्या रांगेत, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, किंवा एक नोव्हेंबरला न आलेल्या मुलाला दोन तारखेला काय म्हणायचे इथे. असे निर्णय पाच-दहा सेकंदांत होतात आणि तेव्हा हाताला असलेली सवयच कामाला येते. प्रत्येक धर्माचे एकेक पान देणारा माहितीचा तासही वगळा. ‘जैन कांदा-लसूण खात नाहीत’ एवढे शिकून गेलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाचा डबा बघून ‘अरे, तू तर जैन ना?’ असे विचारतो. त्या मुलाला त्या माहितीचा त्रासच झाला.

या भागात अशी पाने चालतही नाहीत. कागवाड, शेडबाळ, उगार या बाजूला जैन घरांत कुठे कन्नड बोलतात, कुठे मराठी, कुठे दोन्ही. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात लिंगायत घरात मराठी सहज चालते. मराठी शाळेत बसणारे मुस्लिम मूल घरी दखनी बोलते आणि उर्दू लिपी त्याला येतेच असे नाही. खानापूर तालुक्यात कोकणी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, जंगलाच्या कडेला गवळी-धनगरांच्या वस्त्या आहेत, मूळ आफ्रिकी वंशाचे सिद्दी आहेत. कर्नाटकातल्या सिद्दी समाजात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आढळतात. ऊसतोडीच्या हंगामात अथणी-चिकोडीकडे मराठवाड्यातून टोळ्या येतात, त्यांची मुले चार-पाच महिने इथल्या शाळेच्या आसपास असतात. बऱ्याच गावांत मोहरमचे पंजे उठवायला हिंदू घरांचा मान असतो. म्हणजे भाषा, धर्म, जात आणि शाळेचे माध्यम या चार गोष्टी एकमेकींवर बसत नाहीत. शिक्षकाने पहिली सोडायची ती सवय म्हणजे नाव किंवा आडनाव ऐकून बाकीच्या तीन गोष्टी ठरवून टाकणे.

म्हणून पहिल्या दिवसाची सुरुवात हजेरीपटापासून करा. प्रत्येक शाळेने मागच्या पूर्ण वर्षाचे हजेरीपट आणायचे. ज्या दिवशी हजेरी तीन चतुर्थांशाच्या खाली गेली ते दिवस लाल पेन्सिलने खुणवायचे आणि समोर कारण लिहायचे. तासाभरात शाळेचे खरे कॅलेंडर तयार होते. त्यात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा येते, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमा येतात, गावचा उरूस, ईदचा दुसरा दिवस, काही वर्षांनी भरणारी गावची लक्ष्मी यात्रा, भादव्यातली दशलक्षण पर्वाची समाप्ती, गुड फ्रायडे, उसाच्या तोडीची सुरुवात असे सगळे येते. पुढच्या वर्षी त्या दिवशी घटक चाचणी ठेवायची नाही आणि गणितातला नवा घटक सुरू करायचा नाही. यात एक चूक हमखास होते. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, पण शिक्षक मागच्या वर्षीची रमजानची तारीख तशीच उतरवतात. चांद्र तारखा नव्या पंचांगावरून आणि छापील दिनदर्शिकेवरून दरवर्षी नव्याने घ्यायच्या, आणि ईदला एक दिवस मागे-पुढे जागा सोडायची.

ही माहिती कागदपत्रांतून आणि पालकांकडून काढायची. वर्गात मुलांना हात वर करायला लावून काढायची नाही. ‘एस.सी.वाले उभे राहा’, ‘मायनॉरिटीवाले कोण कोण?’ असे शिष्यवृत्तीच्या दिवसांत अजूनही ऐकू येते. त्यामागे द्वेष नसतो, घाई असते. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. उपाय सोपा आहे. कागदपत्रांची चिठ्ठी वर्गातल्या सगळ्यांना द्यायची, पालकांना शनिवारी शाळा सुटल्यावर एकेक करून कार्यालयात बोलवायचे, नोंद तिथेच करायची. पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला दोन शनिवार पुरतात.

याच कामात वडिलांच्या नावाचा रकाना येतो. सौंदत्ती, रायबाग, अथणी, गोकाक या बाजूला यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या बायकांची मुले शाळेत आहेत. कर्नाटकात देवदासी सोडण्याला बंदी घालणारा कायदा १९८२ मध्ये आला, पण ही प्रथा आणि तिच्यातून आलेली कुटुंबे एका कायद्याने नाहीशी झाली नाहीत. अशा मुलाला ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारला की उरलेले वर्षभर इतर मुले तो विचारत राहतात. स्वतःची ओळख सांगण्याच्या पाठात ‘माझ्या घरात कोण कोण आहे’ एवढेच विचारावे. वंशवृक्ष काढण्याचा प्रकल्प देऊ नये. तो ऊसतोड कामगारांच्या मुलांना, मामाकडे राहणाऱ्यांना आणि आई-बाप नसलेल्यांनाही अडचणीत आणतो. शैक्षणिक उद्देश नातेसंबंधांचे शब्द शिकवण्याचा असेल तर गोष्टीतले कुटुंब घ्या.

आता जेवण. या विषयाला पहिल्या दिवशी किमान दीड तास द्या, कारण अक्षरदासोहाची (राज्याच्या मध्यान्ह भोजन योजनेची) पंगत ही शाळेतली रोजची, सगळ्यांना दिसणारी आणि सर्वांत कमी विचार झालेली जागा आहे. बिसीऊटसोबत (शाळेतल्या गरम जेवणासोबत) अंडे, आणि ज्याला नको त्याला केळी किंवा शेंगदाणा चिक्की, अशी राज्याची योजना आहे. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ती आठवड्याचे सहा दिवस करण्यात आली. बहुतेक शाळांत सोय म्हणून दोन रांगा लावतात, अंडीवाल्यांची एक आणि केळीवाल्यांची दुसरी. महिनाभरात त्या रांगा जातीच्या आणि धर्माच्या होऊन जातात आणि मुले एकमेकांना रांगेवरून ओळखू लागतात. एकच रांग ठेवा. भात-सांबार घेऊन पुढे आल्यावर शेवटच्या टेबलावर दोन ट्रे असावेत, मुलाने स्वतः उचलावे. अंडी उकडायचे पातेले आणि झारा वेगळा असावा, आणि तो वेगळा आहे हे एसडीएमसीच्या (पालकांच्या शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत पालकांना एकदा दाखवावे. निम्म्या तक्रारी अंड्यापेक्षा पातेल्याच्या असतात. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून पसंती लेखी घ्यायची आणि दसऱ्यानंतर पुन्हा विचारायची. श्रावणात, दशलक्षणात, सोमवारी किंवा एकादशीला एरवी अंडे खाणारे मूल केळी घेईल, त्यावर काही बोलायचे नाही.

इथे शिक्षकांना हमखास एक प्रश्न पडतो. घरी न खाणारे मूल शाळेत अंडे घेऊ लागले तर? पालकांनी लेखी नको म्हटले असेल तर मुलाला बाजूला घेऊन, सौम्यपणे, केळी घ्यायला सांगायचे. चारचौघांत ‘तुमच्यात चालते काय रे?’ म्हणायचे नाही, आणि गावात भेटलेल्या काकाला चहाच्या टपरीवर सांगायचे तर मुळीच नाही. पालकांनी काही लिहूनच दिले नसेल तर चिठ्ठी पुन्हा पाठवायची आणि तोवर मुलाच्या हातातले काढून घ्यायचे नाही.

रमजानमध्ये रोजा धरणारी मुले पाचवी-सहावीपासून पुढे दिसू लागतात. त्यांना जेवणाच्या पंगतीत नुसते बसवून ठेवणे वाईट, आणि वर्गात एकटे कोंडून ठेवणे त्याहून वाईट. वाचनाचा कोपरा किंवा कॅरम हा चांगला पर्याय आहे, आणि रोजा नसलेल्या एक-दोन मित्रांना जेवून तिकडे जायची मोकळीक द्यावी. रमजान उन्हाळ्याकडे असेल तर दुपारचा पी.टी.चा तास सकाळी घ्यावा. मूल चक्कर येऊन बसले तर घरी फोन करावा आणि पाणी समोर ठेवावे. ‘कशाला धरतोस एवढ्या लहान वयात’ हा उपदेश शिक्षकाने करू नये. तो घरचा प्रश्न आहे.

पंगतीतला सर्वांत अवघड प्रसंग जातीचा आहे, आणि प्रशिक्षणात तो टाळला जातो. दलित स्वयंपाकी बाईच्या हातचे काही घरांची मुले खात नाहीत, डबा आणतात, किंवा पाण्याच्या पिंपाला कोणी हात लावायचा हे मुलेच ठरवतात. याला ‘सांस्कृतिक वेगळेपण’ म्हणून सांभाळून घ्यायचे नसते. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली आहे, नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. अंडे नको म्हणणे ही पसंती, अमुक बाईने वाढलेले नको म्हणणे हा भेदभाव. पंचवीस शिक्षकांपैकी पाच-सहा जण तरी या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात, म्हणून हा फरक फळ्यावर लिहून घ्यावा. शाळेने करायचे ते असे: मुख्याध्यापक आणि सगळे शिक्षक रोज तेच जेवण त्याच पंगतीत बसून जेवतात, वाढणाऱ्या मुलांच्या पाळ्या हजेरी क्रमांकाने लागतात, पाण्याला सगळ्यांसाठी एकच नळ किंवा एकच पिंप असते, आणि नकार दोन-तीन घरांपलीकडे पसरला तर एसडीएमसीची बैठक बोलावून इतिवृत्तात नोंद करून बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना) लेखी कळवले जाते. बाईंची गुपचूप दुसऱ्या शाळेत बदली करून देणे हा तोडगा गावाला आवडतो. तो मान्य करू नका.

परिपाठाकडे वळू. कायदा फार मोठा नाही, पण तो नेमका माहीत हवा. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचे तर पालकांची संमती लागते. धर्मांविषयी शिकवायला मात्र बंदी नाही. डी.ए.व्ही. कॉलेजच्या १९७१ च्या आणि अरुणा रॉय यांच्या २००२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मानला आहे. बसवण्णांची वचने, तुकारामांचे अभंग, कबीराचे दोहे किंवा महावीरांची गोष्ट पाठ म्हणून शिकवणे योग्यच आहे, त्यावर श्रद्धा ठेवायला सांगणे योग्य नाही. वर्गात याची साधी कसोटी शिक्षकाच्या वाक्यात मिळते. ‘जैन धर्मात असे मानतात’, ‘काही घरांत असे करतात’ हे चालते. ‘आपण असे मानतो’ म्हटले की वर्गातली काही मुले त्यातून बाहेर पडतात. हे वाक्य बदलायला दहा-पंधरा मिनिटांचा सराव लागतो, म्हणून तो करून घ्या. पाठ्यपुस्तकातला एक उतारा द्यावा आणि प्रत्येकाने तो मोठ्याने शिकवून दाखवावा.

राष्ट्रगीताच्या वेळी एखादे मूल आदराने उभे राहते पण गात नाही, अशा प्रसंगी शिक्षक गोंधळतात. बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) केरळमधल्या तीन भावंडांना याच कारणाने शाळेतून काढले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. नीट उभे असणे पुरेसे आहे. सरस्वती पूजन, खंडेनवमीची पूजा, नारळ फोडणे हे अनेक शाळांत रूढीने चालते. ते एका दिवसात बंद करायला निघालेला नवा शिक्षक गावाशी भांडण ओढवून घेतो, आणि भांडणात मुलांचे काही भले होत नाही. तिथे निदान इतके व्हावे: कोणत्याही मुलाला पूजेतले काम नेमून द्यायचे नाही, प्रसाद घेतला नाही तर विचारायचे नाही, टिळा लावायला हात पुढे करण्याआधी मुलाच्या डोळ्यांकडे बघायचे, आणि ‘आमच्या शाळेतली एकता’ म्हणून टोपी घातलेल्या मुलाला आरती हातात देऊन फोटो काढायचा नाही. हा शेवटचा प्रकार वरून कौतुकाचा वाटतो म्हणून जास्त होतो. फोटो गटावर गेल्यावर त्या मुलाच्या घरी काय बोलणे होते ते शाळेला कळत नाही.

अंगावरच्या खुणांना हात लावायचा नाही: ताईत, क्रूस, गंडा, बांगड्या, माळ. लिंगायत मुलाच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला दुसऱ्याने स्पर्श करायचा नसतो, हे मराठी शाळेतल्या शिक्षकांना बरेचदा माहीत नसते. कबड्डीला दुखापतीची भीती असेल तर मुलाने स्वतःच ते कपड्याच्या आत घ्यावे किंवा घरून परवानगी आणून काढून ठेवावे. डोक्यावरच्या स्कार्फचा विषय वेगळा आहे. ५ फेब्रुवारी २०२२ चा गणवेशाबाबतचा सरकारी आदेश, १५ मार्च २०२२ चा उच्च न्यायालयाचा निकाल, आणि १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे वेगवेगळे निकाल होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले, एवढा क्रम शिक्षकांना सांगावा. प्रशिक्षणात यावर मतांची चर्चा घेऊ नका. ती संपत नाही आणि दिवस खाते. नियम एकच ठेवावा. फाटकावर उभे राहून कोणत्याही शिक्षकाने स्वतःचा निर्णय द्यायचा नाही. मुलीला आत घ्यायचे, वर्गात बसवायचे, आणि प्रश्न असेल तर मुख्याध्यापकांनी त्या वेळी लागू असलेला लेखी आदेश पाहून पालकांशी कार्यालयात बोलायचे.

दसऱ्यानंतरचा अर्धा दिवस भाषेचा आणि सीमाप्रश्नाचा. इतर जिल्ह्यांच्या प्रशिक्षण पुस्तिकांत हा भाग नसतो, कारण त्यांना त्याची गरज नसते. बेळगाव, खानापूर, निपाणीत एक नोव्हेंबर हा शासनाचा राज्योत्सव आहे आणि अनेक मराठी घरांत काळा दिवस, कारण १९५६ मध्ये याच दिवशी हा भाग महाराष्ट्राच्या बाजूला न जाता आजच्या कर्नाटकात गेला. मराठी शाळेतला शिक्षक राज्य सरकारचा नोकर असतो, ध्वजवंदनाचा कार्यक्रम त्याला करावाच लागतो, आणि त्याच्या वर्गातली काही मुले त्या दिवशी घरच्यांबरोबर असतात. ही ओढाताण लपवून काही साधत नाही. कार्यक्रम नीट, वेळेवर आणि आटोपशीर करावा. दोन तारखेला हजेरी घेताना गैरहजरांना कारण विचारू नये, चाचणी ठेवू नये, आणि आलेल्या मुलांचे ‘शहाणी मुले’ म्हणून कौतुकही करू नये. सातवीपासून पुढे मुले विचारतातच. तेव्हा घटनाक्रम सांगावा: १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना, १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा. ‘सर, तुम्हाला काय वाटते?’ याला ‘माझे मत मतदानाच्या वेळी असते, इथे आपण काय घडले ते बघू’ इतके उत्तर पुरते. हे वाक्य शिक्षकांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. कागदावर ते सगळ्यांना पटते, तोंडात बसायला वेळ लागतो.

कन्नडचा प्रश्न यापासून वेगळा काढावा. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा आहे आणि राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवावीच लागते. मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड बोलायला येणे हे त्याच्या पोटापाण्याचे काम आहे. घरी बाजू कोणतीही असो, बाजारात, बसमध्ये आणि कचेरीत त्याला ती लागणारच. पण पहिल्या वर्गात थेट लिपीने सुरुवात केली की मुले दबतात. पहिले तीन-चार महिने फक्त तोंडी कन्नड घ्यावी: हुकूम, मोजणे, भाजीबाजार, खेळाचे शब्द. नलीकलीच्या (राज्यातल्या पहिल्या इयत्तांच्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या) गाण्यांचा इथे चांगला उपयोग होतो. भिंतीवर शब्दांचा तक्ता करावा, एका ओळीत मराठी, कन्नड, दखनी आणि असेल तर कोकणी. शब्द मुलांनी घरून आणायचे. ज्या मुलाची भाषा शाळेत कधी ऐकू येत नाही त्याला या तक्त्यावर जागा मिळते, हा त्यातला खरा लाभ. कलम ३५०अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला राज्यांना सांगते. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा हे सूत्र १९४९ पासूनचे आहे. एसडीएमसीने शिक्षकाची मागणी करताना हे आकडे अर्जात लिहावेत.

एकाच आवारात दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतील तर मैदान आणि नळ ही भांडणाची ठिकाणे. मराठी शाळा विरुद्ध कन्नड शाळा असा सामना कधीही लावू नका. संघ चिठ्ठ्या टाकून मिसळून करा, आणि पंचही दोन शाळांचे दोन ठेवा. आवारातल्या शाळांना एकत्र शिकवण्याजोगे स्थानिक विषयही आहेत. कित्तूरच्या राणी चन्नम्मा आणि १८२४ चा लढा, १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी गेलेले संगोळ्ळी रायण्णा, १९२४ चे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे बेळगाव काँग्रेस अधिवेशन. सहलीला बेळगावचा किल्ला उत्तम. एकाच तटाच्या आत १२०४ ची कमल बस्ती, सफा मशीद, दुर्गेचे देऊळ आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. दगड कोणता, कोणी बांधले, आता कोण येते, आत जाताना काय काढायचे, असे पाच-सहा प्रश्न आधी देऊन ठेवावेत. तुलना करायला लावणारा प्रश्न नको. ज्या मुलाला आत जायचे नाही त्याने बाहेर थांबून कोरीवकामाचे चित्र काढावे.

बाहेर काही घडले की दुसऱ्या दिवशीचा पहिला तास कसा घ्यायचा, याचाही सराव हवा. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर काळे टाकले गेले आणि पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. अशा सकाळी मुले मोबाईलवर सगळे पाहून आलेली असतात. शिक्षक दोन चुकांपैकी एक करतो. तो काहीच झाले नाही असे दाखवून धडा सुरू करतो, किंवा रागाने भाषण देतो. त्याऐवजी दहा मिनिटे द्यावीत. फळ्यावर दोन रकाने: नक्की माहीत असलेले, आणि ऐकलेले. मुले सांगतील ते त्या त्या रकान्यात लिहायचे. ‘हे कुणी केले’ याचे उत्तर म्हणून एखाद्या जातीचे, धर्माचे किंवा भाषेचे नाव आले की ‘माणसाने केले असेल, त्याचे नाव पोलीस काढतील’ म्हणून पुढे जायचे. ज्या समाजाकडे बोट आहे त्या मुलाला ‘तुला काय वाटते?’ विचारायचे नाही. मग नेहमीचा धडा. मधल्या सुट्टीत दोन शिक्षक मैदानात आणि एक नळाजवळ उभा राहावा, शाळा सुटताना बस थांब्यापर्यंत कुणीतरी सोबत जावे.

चिडवण्याचे शब्द हा शेवटचा मोठा भाग. जात, धर्म, रंग, भाषा यांवरून पडलेली टोपणनावे शिक्षकही नकळत वापरतात, सिद्दी मुलाच्या केसांवरून, वडार मुलीच्या बोलण्यावरून. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालते, हे शिक्षकांना सांगितले की खोली जरा शांत होते. सराव असा घ्या. आठ प्रसंगांची कार्डे, तिघांचे गट, मराठी-कन्नड-उर्दू माध्यम मिसळून. एक शिक्षक, एक मूल, एक निरीक्षक. चार मिनिटे प्रसंग, दोन मिनिटे बोलणे, मग जागा बदलायच्या. निरीक्षकाने तीनच गोष्टी लिहायच्या: शिक्षकाचे पहिले वाक्य, त्याने आधी कुणाकडे पाहिले, आणि दुखावलेल्या मुलाला सगळ्यांसमोर काही बोलावे लागले का. पहिले वाक्य लहान हवे. ‘हा शब्द या वर्गात चालत नाही. पुस्तक उघडा.’ चिडवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोलायचे, दुखावलेल्याशीही एकट्याने. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नये. त्याने तो शब्द वर्गाला पुन्हा एकदा ऐकू जातो, आणि मैदानावर त्याचा वचपा निघतो. नोंद शिक्षकाच्या डायरीत: तारीख, शब्द, काय केले. एकाच मुलाचे नाव महिन्यात तीनदा आले तर पालकांना बोलवावे.

गट करताना एक पथ्य पाळा. खोलीतल्या एकुलत्या एक मुस्लिम, ख्रिस्ती किंवा दलित शिक्षकाला ‘तुमच्याकडे कसे असते ते सांगा’ म्हणून उभे करू नका. त्यांना स्वतःहून सांगायचे असेल तर सांगतील. शिक्षकांच्या खोलीत जे कराल तेच ते वर्गात करणार आहेत.

सहा आठवड्यांनंतरच्या अर्ध्या दिवसासाठी प्रत्येक शाळेने एका पानाचा कागद आणायचा. त्यात चार नोंदी: जेवणाच्या रांगा किती आहेत, पुढच्या तीन महिन्यांच्या चाचण्यांच्या तारखा कोणत्या सणांना किंवा यात्रांना टक्कर देतात, भाषेच्या तक्त्यावर किती शब्द जमले, आणि डायरीत चिडवण्याच्या किती नोंदी झाल्या. शून्य नोंदी आणणाऱ्या शाळेचे अभिनंदन करू नका. तिथे डायरी उघडली गेलेली नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्या शाळेला सीआरपींनी पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीच्या वेळी भेट द्यावी. बाकी पाठपुराव्याला वेगळा दिवस लागत नाही. मासिक समालोचन सभेत पंधरा मिनिटे आणि दर वेळी एक नवे कार्ड पुरते. कार्डे त्या महिन्यात क्लस्टरमध्ये खरोखर घडलेल्या प्रसंगांवरून लिहावीत, शाळेचे आणि मुलाचे नाव बदलून. ती मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे लिहावीत, नाहीतर प्रत्येक माध्यमाचे शिक्षक पुन्हा आपापल्या बाकावर जाऊन बसतात.